डाव्या डोळ्याखालचा भोवरा

आमच्या घोडीला नाव नव्हतं. दवाखान्याच्या फॉर्मवर 'जनावराचे नाव' असा रकाना होता, तिथे मी पेन टेकवून बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "एकच त आहे. एकुलतीले नाव कायले पायजे?" मी रेघ ओढली. तिच्याबद्दल लिहायला बसले की अजून तीच पंचाईत होते. नुसती घोडी म्हटलं तर ती कुणाचीही घोडी होते, आणि मला तर तीच हवी असते.

तेव्हा आम्ही गोंदियाजवळच्या मुर्रीत राहत होतो. बाबा एरवी राइस मिलमध्ये पोती उचलायचे आणि लग्नसराईत घोडी घेऊन वरातींना जायचे. गोंदियातले सेठ असोत की खेड्यातले धानवाले, नवरदेव आमच्याच घोडीवर बसायचा. आजोबा मात्र स्वतःच्या लग्नाला पायी गेले होते. का, ते आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. म्हणून लगाम धरून वरातीपुढे चालताना बाबांची मान इतकी ताठ असायची की बघणाऱ्याला वाटावं, लग्न यांचंच आहे.

घोडी पांढरी होती. अंघोळ घातली तर शुभ्र, नाही तर मातकट. तिला एकच वाईट खोड. बाबा जवळ उभे राहिले की त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा दातात धरून ओढायची आणि ते वळले की दुसरीकडे बघायची. आईने सगळे दुपट्टे एका टोकाला शिवलेले होते. आई तिला शिव्या घालायची आणि भाताची पेज सगळ्यांच्या आधी तिच्यापुढे ठेवायची.

आणि तिला एक भोवरा होता. घोड्याच्या अंगावर केस जिथे गोल फिरतात, त्याला भोवरा म्हणतात. कपाळावर, मानेवर तो सगळ्याच घोड्यांना असतो. हिला एक जास्तीचा, डाव्या डोळ्याच्या बरोबर खाली. जाणकार त्याला आसूढाळ म्हणतात. असा घोडा मालकाला रडवतो आणि त्याच्यावर बसणाऱ्या नवरदेवाचा संसार टिकत नाही, असं मानतात. ज्याच्याकडे ती जन्मली त्या माणसाला ती दारात नको होती, म्हणूनच ती बाबांच्या वाट्याला आली.

बाबांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून शकुन-अपशकुन आमच्या उंबऱ्याबाहेर गेले. कुणी मांजर आडवं गेल्याचं सांगितलं की बाबा म्हणायचे, "मांजराले बी काम असते ना कुठी." पण वरातीला निघण्याआधी हाच माणूस बोटावर खोबरेल तेल घेऊन घोडीच्या डोळ्याखालचे केस चोपून चोपून सरळ करायचा आणि वरून झालरीचा गोंडा सोडायचा. मी चिडवायची, "मांजराला काम असते, मग भोवऱ्याने काय घोडं मारलं?"

"आपुन मानत नाई, पोरी," बाबा म्हणायचे. "पर नवरदेवाची माय मानते."

मी नववीत असताना घोड्यांमध्ये कसला तरी रोग आल्याची बातमी पसरली आणि वरातीच्या घोड्यांची दवाखान्यात नोंद करून दाखला घ्यावा, असं बाबांना कळलं. आम्ही घोडी घेऊन गेलो. डॉक्टरांनी रक्त काढलं आणि एक छापील फॉर्म काढला. त्यावर घोड्याच्या नुसत्या रेघांची आकृती होती, एक डावीकडून, एक उजवीकडून. जनावराच्या अंगावर जिथे खूण असेल तिथे त्या आकृतीत ती काढायची, म्हणजे पुढे ओळख पटते.

"पांढऱ्या घोडीवर पांढरे पट्टे काय दाखवणार?" डॉक्टर म्हणाले. "हिची ओळख भोवऱ्यांवरच. जिथे भोवरा तिथे फुली." माझी चित्रकला बरी आहे हे बाबांनी न विचारताच सांगून टाकलं होतं, म्हणून पेन्सिल माझ्या हातात आली. मी कपाळावर फुली काढली, मानेवर दोन काढल्या आणि शेवटी डाव्या डोळ्याखाली, सगळ्यांत नेटकी.

बाबांनी हात जोडले. "साहेब, थे एक राहू द्या. कागद दहा लोकं पायतेत. घोडी बदनाम होते."

"अहो, ही खूण आहे, अपशकुन नाही," डॉक्टर म्हणाले. "उद्या हरवली तर हीच कामाला येईल." तेवढ्यात कुणाची तरी म्हैस अडली म्हणून बोलावणं आलं. डॉक्टरांनी फॉर्मवर सही ठोकली, मला म्हणाले, "बापलेकीनं काय ते ठरवा," आणि गेले.

आम्ही ठरवलं. म्हणजे बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खोडरबर काढलं. कागद हलका होता; घासून घासून त्या जागी पातळ झाला, पण फुली गेली. मला तेव्हा वाईट वाटलं ते माझ्या चित्राचं. घोडीचं चित्र अपुरं राहिलं, एवढंच.

दोन लग्नसराया छान गेल्या. तिसरीत कामठ्याला एक लग्न होतं. नवरदेव उतरला, बाबांनी घोडी मांडवामागे बाभळीला बांधली. ते कधीही घोडीला पाणी दाखवल्याशिवाय जेवत नसत. त्या दिवशी यजमान हाताला धरून पंगतीत घेऊन गेले आणि भिडेखातर बाबा बसले. परत आले तर बाभळीला वीतभर दोरी होती. चावलेली नव्हती, कापलेली होती.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून आमचं अंगण दिसतं, खुंट्यासकट. आई सकाळी सवयीने पेज काढायची, मग भांडं हातात धरून उभी राहायची. बाबांनी तक्रार दिली, दवाखान्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला आणि सायकल काढली. बाजार पाहिले, नाल बसवणारे गाठले, बोलावणं नसलेल्या लग्नांना गेले. वरात आली की लोक नवरदेवाकडे बघतात. बाबा वाकून घोडीच्या डोळ्याखाली बघायचे. लोकांना वाटे, पिऊन आलाय. घरी दुपट्टा खुंटीला लावताना ते शिवलेल्या टोकावरून बोट फिरवायचे. मला तो माणूस बघवत नसे. मी उगाच भांडण काढायची, भाजीवरून, पुस्तकांवरून, कशावरूनही. काढून टाकलेल्या फुलीबद्दल मात्र आम्ही दोघंही अवाक्षर बोललो नाही.

वर्ष उलटलं. मग बँडमधला एक क्लॅरनेटवाला, बाबांच्या ओळखीचा, घरी आला. म्हणाला, कोहमाऱ्याच्या पुढे एका खेड्यात पांढरी घोडी पाहिली, माणसांचे दुपट्टे ओढते. बाबांनी पोळी तशीच ताटात ठेवली. दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी बरोबर निघाले. कागद वाचायला कुणीतरी हवं, असं मीच म्हटलं. कोहमाऱ्याच्या चौकात ढाब्यांवर ट्रक उभे होते. तिथून काळीपिवळी जीपने त्या खेड्यात पोचलो तेव्हा उन्हं चढली होती.

घोडी समोरच होती. अंगावर मखमली झूल, कपाळाला झालर. नेमकी त्याच दिवशी वरात होती आणि नवरदेवाकडची दहाबारा माणसं तिला न्यायला येऊन उभी होती. बाबा जवळ गेले. तिने मान लांब केली आणि त्यांचा दुपट्टा धरला.

"थे कोनाचाबी वढते जी," मालक घाईने म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याने ती बाजारातून रीतसर घेतली होती आणि त्याच्याकडेही दवाखान्याचा दाखला होता. पोलीस पाटलांना बोलावलं गेलं. त्यांनी खाटेवर दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले आणि चष्मा लावून पाहिले. मीही वाकून पाहिलं. त्याच्या कागदावर कपाळाला एक फुली, मानेवर दोन. डोळ्याखाली काही नाही.

म्हणजे त्यानेही आमच्यासारखंच केलं होतं. मी मालकाकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्याचं चाललं होतं. कानाच्या पाळ्या लाल, हात सारखा झालरीकडे. चोरी त्याने केली नव्हती, लपवलं मात्र होतं, आणि आम्ही कुठे वेगळे होतो! एकाच माळेचे मणी.

"असे कागद त गावातल्या साऱ्या पांढऱ्या घोड्यायचे होतीन," पाटील म्हणाले. "भाऊ, तुमचीच होय म्हनाची एखादी पक्की खून सांगा."

नवरदेवाचा मामा पुढे सरकून ऐकत होता. मी बाबांच्या कोपराला धक्का दिला. घोडीने दुपट्टा सोडला नव्हता. बाबांनी तिच्या डाव्या डोळ्याकडे बराच वेळ पाहिलं. घामाने तेल उतरलं होतं आणि केस पुन्हा गोल वळायला लागले होते.

"नाई जी," बाबा म्हणाले. "आमची नोहे."

मग त्यांनी हळूच तिच्या दातातून दुपट्टा सोडवला, झालर नीट करतो आहे असं दाखवत गोंडा डोळ्याखाली ओढला आणि तिच्या मानेवर एकदा थाप मारली. मालकाने बाबांकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

काळीपिवळीत मी बाबांवर तुटून पडले. "सांगितलं काऊन नाही? ती आपलीच होती!"

"आपलीच होती."

"मग?"

"काय सांगू? खून सांगतलो असतो त आपलाच कागद खोटा पडला असता. कागदावर कुठी आहे भोवरा? घोडी त भेटली नसतीच, अन् त्या लोकायसमोर बदनाम झाली असती. बदनाम घोडीले कोन पेज पाजते? विटाभट्टीच्या गाडीले जुपतेत." दुपट्टा खांद्यावर सारखा करत म्हणाले, "मालक बरा आहे. खूर साफ होते तिचे. पायलो मी."

मग ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. मला त्या नवरदेवाच्या मामाचा राग आला, डॉक्टरांच्या म्हशीचा आला आणि सगळ्यांत जास्त माझ्या खोडरबराचा. एक फुली राहिली असती तर घोडी आमच्याबरोबर घरी चालत आली असती.

दुसरी घोडी बाबांनी आणली नाही. पुढे माझं लग्न झालं, नोकरी लागली, नवरदेव सजवलेल्या मोटारीतून यायला लागले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबा माझ्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत कपड्यांच्या खाली ती प्लास्टिकची पिशवी होती. एका दुपारी त्यांनी कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"आता कोन पायते? काढ थे फुली."

घोडी इतकी वर्षं जगली असेल, असं आम्हा दोघांनाही वाटत नव्हतं. मी मुलीच्या कंपासपेटीतून पेन्सिल घेतली, टोक केलं. घासलेली जागा अजून पातळ होती. उजेडात धरल्यावर पलीकडची माझी बोटं दिसत होती. कागद पाटीवर ठेवून मी वाकले, तसे बाबाही वाकले, नव्या चष्म्यासकट, आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"जरा हरू काढ, पोरी," ते म्हणाले. "तिच्या डोऱ्याले लागंल."