आमच्या छताचं वय

इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली, तेव्हा मी परळच्या रुग्णालयात यजमानांच्या उशाशी बसले होते. दादरच्या आमच्या घरातल्या बाहेरच्या खोलीचं छत पाण्यासकट खाली आलं. दुसऱ्या सकाळी यजमान गेले. त्यांना घरी आणायचं, तर शेजाऱ्यांनी प्लॅस्टरचा ढीग, भिजलेल्या गाद्या, फुगलेलं कपाट खाली नेऊन टाकलं आणि फरशी पुसली. माणसाला राडारोड्यात कोण निजवतं? छत ठिबकतच होतं, म्हणून उशाशी बादली ठेवली.

घराचा विमा होता. कंपनीचा सर्व्हेअर नुकसान पाहायला पुढच्या आठवड्यात आला. खोली कोरडी होती, कोपऱ्यात दिवा तेवत होता. त्याने वर पाहिलं, चप्पल घालूनच खोलीभर फिरला.

"मॅडम, माल कुठाय?"

"टाकला."

"मग मी बघू काय?"

दावा नाकारल्याचं पत्र आलं, त्यात दोन कारणं होती. नुकसानीचा पुरावा आम्ही पाहणीआधीच हलवला, हे एक. आणि छत टाकीमुळे नव्हे, वर्षानुवर्षांच्या झिजेने पडलं, हे दुसरं. जे पाहायलाच मिळालं नाही, त्याचं वय मात्र या विद्वानांना कळलं होतं.

एकटीच्या पेन्शनमध्ये नवं छत होणार नव्हतं. म्हणून ग्राहक आयोगात तक्रार केली. तिथे साक्षीपुरावा बहुतेक कागदावरच चालतो. आपण शपथपत्र द्यायचं, कंपनीने लेखी जबाब द्यायचा आणि कंपनीचे वकील "कागद मिळाले नाहीत" म्हणत पुढची तारीख मागत राहणार. ते कागद मी स्वतः त्यांच्या हातात दिले होते. एकदा बाहेरच्या बाकावर ते हसत म्हणाले, "एवढी काय घाई होती साफसफाईची? पाहुणे यायचे होते?"

"एकच यायचे होते," मी म्हटलं. "आडवे."

ते मोबाइलमध्ये बघू लागले.

माझ्या वकीलबाई एकदा चाचरत म्हणाल्या, "ताई, त्या दिवसाचं काही चित्रण?"

होतं. मुलगी परदेशातून पोचू शकत नव्हती, म्हणून दिरांनी अंत्यदर्शन मोबाइलवर टिपलं होतं. मी ते कधी उघडलं नव्हतं. दीर चिडले. "वहिनी, दादाला कोर्टात दाखवायचा? छतासाठी?" दुसऱ्या दिवशी मी पेन ड्राइव्ह आणि मृत्यूचा दाखला वकीलबाईंना दिला. चित्रणाची तारीख आता कुणाला नाकारता येणार नव्हती.

सुनावणीत ते लावलं. कंपनीचे वकील पडद्याकडे झुकून म्हणाले, "यात छत कुठे नीट दिसतंय?" यजमानांचा चेहरा त्यांच्या नाकासमोर होता. अध्यक्षांनी आवाज वाढवायला सांगितला. बायकांच्या रडण्यामधून बादलीत पडणारं पाणी ऐकू आलं, टप, टप. झिजेचा असा आवाज येत नाही. तरी वकील बोलतच राहिले. फी ऐकण्याची नसते, बोलण्याची असते.

निकाल माझ्या बाजूने लागला. त्यात एक वाक्य आहे: मृतदेहाजवळील बादलीत पाणी गळत असल्याचे स्पष्ट होते. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाची सरकारदरबारी शेवटची नोंद ही.

छत झालं आहे. गवंड्याने एकदा पाणी मारून तपासलं, ठिबकत नाही. दीर म्हणतात, आता तरी ते चित्रण पुसून टाका. मी पुसलेलं नाही. त्या दिवशी आयोगात मीही सगळा वेळ बादलीकडेच पाहत होते, त्यांच्या चेहऱ्याकडे नाही.