म्हशीच्या दुधात गाय

आधी चहा पिऊन घ्या, कारण किस्सा दुधाचा आहे आणि मूर्खपणा माझा. आमच्या गावी, केनवडात, अजूनही लोक मला बघून हसतात. हसणारच!

मी भौतिकशास्त्रात संशोधन करतो. काचेवर सोन्याचा थर द्यायचा, इतका पातळ की आरपार दिसावं. त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पाडायची. वर गाईच्या दुधातलं प्रथिन तेवढं पकडून ठेवणारा लेप. प्रथिन चिकटलं की आरपार जाणाऱ्या उजेडाचा रंग किंचित सरकतो आणि डबीएवढं यंत्र ते मोबाइलवर एक रेघ सरकवून दाखवतं. आहे की नाही गंमत?

सुट्टीत हे सगळं गावी नेलं. शेजारच्या शांताकाकू म्हशीचं दूध विकतात, हॉटेलवाले गजूभाऊ त्यांचे जुने गिऱ्हाईक. म्हटलं, शुद्ध म्हशीचं दूध आयतंच मिळेल. निघताना आईने झाकणाचा गंज, म्हणजे पातेलं, हातात दिला. "काकूचा हाय, ताक भरून आला होता. देऊन ये." पुढे ती आणखी काहीतरी बोलली, पण शास्त्रज्ञ घाईत असतो ना!

काकूंच्या गोठ्यात दूध न्यायला आलेले गजूभाऊ काच उजेडाकडे धरून बघतच बसले.

"सोनं हाय म्हन्तं, मंग हिरवं काहून दिसून राह्यलं?"

"सोनं इतकं पातळ केलं की हिरवटच उजेड येतो, भाऊ."

"अन् दूध कसं वळखते रे हे?" काकूंनी विचारलं.

"बघाच!" मी झाकण सरकवून गंज पुढे केला. डोळे मोबाइलवर. काकूंनीही मोबाइलकडे बघतच चरवीतलं दूध ओतलं, मी त्यातला थेंब काचेवर सोडला.

रेघ सरकली. गाय! दुसरी काच घेतली. पुन्हा गाय!

"काकू, यात गाईचं दूध आहे."

"माह्या गोठ्यात गाय कुठं हाय रे? दाखव मले!"

"मशीन कायले खोटं बोलन?" गजूभाऊ उठले. "उद्यापासून दूध दुसरीकडं पाहा लागन."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार वाईट वाटलं. तरी मी शहाणा काय म्हणालो? "होतं कधी कधी चुकून, काकू!"

आरडाओरडा ऐकून आई धावत आली. सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे येड्या! गंजात आपल्या गाईचं घोटभर दूध होतं! शेजारचं भांडं रिकामं परत करते का कोनी? काकूच्या दुसऱ्या भांड्यात आंधी ओत, म्हनून सांगलं होतं तुले!"

प्रयोगशाळेत मी भांडी धुऊन धुऊन झिजवतो हो! इथे आत डोकावलोसुद्धा नाही.

नवी काच घेतली, थेट चरवीतला थेंब टाकला. रेघ जागची हलली नाही. गजूभाऊंनी दुधासाठी आपली किटली पुढे केली.

काकूंनी डोळे पुसले, यंत्र उचलून पदराने पुसलं आणि फळीवर नीट ठेवलं.

"हे राहू दे इथंच. लय इमानदार हाय बिचारं," त्या म्हणाल्या. "तू जाय घरी."