कडूबाची जागा

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला पत्र्याचं एक दुकान होतं. पाटीवर नाव ‘देवानंद रेडिओ’ आणि आत बसायचा भुजंग. देवानंद दुकान विकून कधीच निघून गेला होता, पण पाटी रंगवायचा याला कंटाळा, दुसरं काय! सकाळभर रेडिओ-टेप दुरुस्त करायचे आणि दुपारी जेवून आलं की शटर अर्धं ओढून रिदम मशीन पुढ्यात घ्यायचं, हा त्याचा नेम.

हे मशीन त्यानं त्र्याण्णव साली औरंगाबादहून आणलं, एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून. काळी चपटी पेटी आणि तिच्यावर रबरी बटणं. एकेका बटणात एकेक ठोका. ठोके भरून एक आवर्तन तयार करायचं आणि त्याला नंबर द्यायचा. मुखड्याचा एक नंबर, अंतऱ्याचा दुसरा, उठावाचा तिसरा. मग ते माळेसारखे ओवायचे: एक चार वेळा, दोन दोनदा, तीन एकदा, पुन्हा एक. अख्खं गाणं ओवून झालं की बटण दाबून हात मांडीवर ठेवायचे. पेटी एकटीच वाजवते. ढोलकीचा आवाज काही त्यात नव्हता, तो भुजंगानं बोंगोचे आवाज खालीवर करून बसवला होता. डोकं तल्लख होतं गड्याचं, ते नाकारून चालणार नाही.

पण हे मशीन कार्यक्रमात यायच्या आधी ढोलकी होती कडूबाची. साठीचा माणूस, उजव्या कानात भिकबाळी, बोलणं कमी. त्याची लेक शिवकन्या गायची. जयंतीला, विहाराच्या कार्यक्रमांना, लग्नांना अंबडपासून परतूरच्या आष्टीपर्यंत त्यांच्या गाण्याच्या पार्टीला बोलावणं असायचं. भुजंग तेव्हा साउंड सांभाळायचा आणि कडूबाला मामा म्हणायचा.

कडूबाची एक लकब होती. अंतरा संपून गाणं ध्रुपदावर, म्हणजे मुखड्यावर, परत यायचं, त्याच्या ऐन आधी त्याचा हात हवेतच राहायचा. ठोका नाही, काही नाही. गळ्यातल्या गळ्यात नुसतं ‘हूं’ म्हणायचा आणि मग अशी थाप पडायची की बसलेली माणसं सरळ व्हायची. गाण्यात अशा ठिकाणाला जागा म्हणतात. ‘आली बघ कडूबाची जागा,’ म्हणत लोक एकमेकांना कोपर मारायचे.

शहाण्णवला कॅसेट काढायचं ठरलं. कॅसेटवाला म्हणाला, ढोलकी रेकॉर्ड करायची कटकट नको, मशीनवर गाणी भरून आणा. आता हे कडूबाला तोंडावर सांगायचं की नाही? पण भुजंगाची जीभ रेटेना. त्यानं म्हाताऱ्याला दुकानात बोलावलं आणि म्हणाला, “मामा, या मशीनला तुमचा हात शिकवा.”

कडूबा खरंच शिकवायला आला हो! हापशावर हातपाय धुतले, खिशातून गुळाचा खडा काढून मशीनपुढं ठेवला. म्हणाला, “शागीर्द नवा हाय, तोंड गोड करावं लागतं.” तीन दुपारी तो बसला. तोंडानं बोल म्हणायचा, ढोलकीवर वाजवून दाखवायचा आणि भुजंग बटणांवर बोटं मारत ते पेटीत भरायचा. बराबर जमलं की कडूबा मशीनच्या पाठीवर थोपटायचा.

हातानं भरलेला ठोका जरा इकडंतिकडं पडला तर ते मशीन त्याला ओढून रेघेवर बसवतं. ही खोड बंद करता येते आणि भुजंगाला ते ठाऊक होतं. त्यानं ती बंद केली नाही. वर आणखी, म्हातारा गेल्यावर त्या रिकाम्या जागेत स्वतःच्या बोटानं एक ठोका घातला. गाणं सरळ पाहिजे ना कॅसेटवाल्याला!

कॅसेट आली आणि कडूबानं ती हायवेवरच्या हॉटेलात ऐकली. हातातला चहाचा ग्लास तसाच घेऊन तो दुकानात आला.

“भुजंगा, माझी जागा भरली का रे?”

“मशीन आपोआप सरळ करतं, मामा. माझ्या हातात काही न्हाई.”

म्हातारा मशीनकडं वळला. “गुणाचा निघाला शागीर्द,” म्हणाला. “जागा भरली, मंग म्या बसू कुठं?” ग्लास टेबलावर ठेवून तो गेला, आणि ढोलकी जी खुंटीला टांगली ती पुन्हा काढली नाही.

भादव्यात ताप आला आणि आठ दिवसांत कडूबा संपला. तापानंच गेला, डॉक्टरनंही तेच सांगितलं. पण भुजंगाला कोण पटवणार?

महिन्याभरानं एका दुपारी तो गाणं लावून बसला होता. अंतरा संपला आणि नेमक्या त्याच ठिकाणी आवाज आला, ‘हूं.’ भुजंगाच्या हातातला पेचकस खाली पडला. त्यानं वायरी बदलल्या, अर्थिंग तपासलं, स्पीकर दुसरा लावला. पुन्हा गाणं लावलं, पुन्हा ‘हूं’. डबा घेऊन आलेली बायको, नंदाबाई, शटरबाहेरच थबकली.

“आत कोण हाय? मामावानी कोण हुंकारलं?”

म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं. भुजंगानं खटकन मशीन बंद केलं.

“इकून टाका ते डबडं,” नंदाबाई म्हणाली. “म्हातारा अजून जागा हाय.”

मशीन विकून काय होणार होतं? पार्टीचं पोट आता त्याच्यावर होतं. शिवकन्या त्याच्यावरच गायची, आणि खरा घोर तिचाच होता. अंतरा संपला की तिचा दम तुटायचा, ध्रुपदाचा पहिला शब्द घशातच राहायचा. वर्ष-दोन वर्षांत लोक बोलायला लागले, बाईचा गळा गेला. ती भुजंगाला कधी एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. एक दिवस दुकानात येऊन एवढंच म्हणाली, “दादा, पौर्णिमेचा टेंभुर्णीचा कार्यक्रम झाला की मी गाणं बंद करून राह्यले. दम पुरत न्हाई मला.”

म्हातारा गेला तो गेला, आता त्याची लेकही आपणच मुकी करणार! भुजंगाला जेवण जाईना. त्यानं तो घातलेला ठोका पुसला. एक मात्रा रिकामी ठेवली, जमेना. दीड ठेवली, पाऊण ठेवली, छे! शेवटी जुन्या कार्यक्रमाची टेप काढून तो कडूबाची जागा मोजायला बसला. पहिल्या अंतऱ्याला लहान भरली, दुसऱ्याला मोठी, तिसऱ्याला त्याहून मोठी. म्हाताऱ्याला मात्रा मोजता येत नव्हती की काय?

चौथ्यांदा ऐकताना त्यानं आवाज पुरा वाढवला. ‘हूं’च्या आधी काहीतरी बारीक होतं. शिवकन्या श्वास घेत होती. लेकीचा श्वास पुरा होईस्तोवर बापाचा हात हवेत थांबलेला असायचा, आणि झाला की ‘हूं’, म्हणजे चल. भुजंग काउंटरवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. रेडिओ न्यायला आलेले अप्पाराव गुरुजी आल्या पावली परत गेले.

टेंभुर्णीला सकाळी दहाला विहारापुढं मांडव भरला होता. मशीन नेहमी मागं स्पीकरजवळ असायचं. भुजंगानं वायर ओढून ते शिवकन्येच्या डाव्या हाताला आणलं, कडूबा बसायचा तिथं. इथून तिचा गळा दिसत होता.

गाणं सुरू झालं. अंतरा संपताच त्यानं मशीन थांबवलं. मांडव चिडीचूप. शिवकन्येच्या गळ्याची शीर वर आली, खाली बसली.

‘हूं.’

भुजंग दचकून मागं वळला. मागं कुणी नव्हतं. मग त्याला स्वतःचा हात दिसला, बटणावर हवेत धरलेला, आणि कळलं की घसा आपलाच थरथरतोय. इतके दिवस दुपारी दुकानात हुंकारत होता तो कोण होता, तेही तेव्हाच कळलं. त्यानं बटण दाबलं. थाप पडली आणि ध्रुपदाचा पहिला शब्द खणखणीत बाहेर आला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या गोंधळात शिवकन्या मान न वळवता, पूर्वी म्हणायची तशीच सवयीनं म्हणाली, “बाबा, जरा सावकाश.”

भुजंगानं लय थोडी उतरवली आणि पुढच्या अंतऱ्याला हात पुन्हा वर धरला.