गोडाऊनचा केक आणि गावदेवीचा कोपरा

देवाच्या कामात आगाऊपणा करू नये, हे मला एका केकने शिकवलं.

केक माझ्या बायकोचा, वनिताचा. या बाईच्या हाताला काय वरदान आहे, देव जाणे! माहेरी तिने ओव्हन पाहिलासुद्धा नव्हता. लग्नानंतर कुकरमध्ये मीठ पसरून तिने पहिला केक केला, तेव्हा तो कापायला मी कोयता शोधत होतो. पण हटली नाही. आता भिवंडीतल्या आमच्या घरात सकाळी सुकटीचा वास असतो आणि संध्याकाळी व्हॅनिलाचा. तिची नानकटाई मी कारखान्यात नेली की लूमवरचे कारागीर माझ्याभोवती गोळा होतात. (मी सुपरवायझर आहे म्हणून होतात, असं मला बरेच दिवस वाटायचं.)

अशा बाईला पहिली मोठी ऑर्डर आली. आमच्याच आळीतले दामूशेठ भिवंडीबाहेर वडप्याला नवं गोडाऊन उघडत होते आणि त्यांना केकही गोडाऊनच्याच आकाराचा हवा होता.

"वहिनी, एकदम झकास झाला पायजे. सगले व्यापारी येनार हायत. आवडला तर पुढच्या सगल्या पार्ट्या तुमच्याच!"

वनिता जीव ओतून राबली. क्रीमच्या पांढऱ्याशुभ्र भिंती, वर चॉकलेटचे पत्रे, पुढे बंद शटर, त्यावर काटा-चमच्याने ओढलेल्या सरळ रेषा. गवंडी बघून लाजला असता! उद्घाटनाच्या दिवशी दुपारी ती खोका आणायला बाजारात निघाली.

"अहो, बघा हवं तेवढं. हात लावायचा नाही!"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

(तिने सुरी उचलून वरच्या फळीवर ठेवली.)

ती कोपऱ्यावर वळते न वळते तोच आतून आईची हाक आली. "बाला, सुनेची पयली ऑर्डर हाय. देवीला निवद ठेवलास का न्हाय?"

आमच्या घरात कुठल्याही नव्या वस्तूचा पहिला घास गावदेवीचा. मग मी विचार केला, हे गोडाऊनवाले कसला नैवेद्य काढतायत? फीत कापतील, फोटो काढतील आणि खाऊन मोकळे! देवी रुसली तर भुर्दंड कोणाला? माझ्या बायकोला! केकमध्ये अंडी होती खरी, पण आमच्या गावदेवीला कोंबडा चालतो, मग अंड्याने काय घोडं मारलंय?

मी सुरी घेतली आणि गोडाऊनचा पुढचा कोपरा कापला. (मागचा कापता आला असता. पण देवीला मागचं कसं द्यायचं?) भक्तिभावाने देवळात ठेवून आलो, घरी येऊन केककडे पाहिलं. शटरच्या बाजूला हे भलंमोठं भगदाड! उद्घाटनाआधीच दरोडा पडलेला!

आता काय करावं? समोर परातीत आईने भाकऱ्यांसाठी तांदळाची उकड काढून ठेवली होती. पांढरीशुभ्र! रंग अगदी क्रीमला जुळणारा! मी उकडीचा गोळा घेतला, भगदाडात बसवला आणि उलथन्याने छान गिलावा केला. लांबून कोणाला कळलं नसतं. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. उकड गरम होती.

आधी क्रीम घामेजलं. मग भिंत खचली. मग शटर हळूच पुढे झुकलं आणि ताटात आडवं झालं.

"आई गं!"

आई धावत आली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. "अरे मेल्या, मी गूल-खोबरं ठेव म्हनत होती! भिंत पाराया कोनी सांगितली तुला?"

तेवढ्यात दारात वनिता, हातात खोका.

"काय केलंत?"

"देवीसाठी थोडासा..."

"आणि हे चिकट काय?"

"उकड."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईने एवढी मेहनत घेतली होती आणि मी तिच्या पहिल्या ऑर्डरचं वाटोळं केलं होतं!

पण वनिताने डोळे पुसले, पदर खोचला. "बाजूला व्हा. आणि आज या केकचा कणसुद्धा तुमच्या तोंडात जाणार नाही!"

मग तिने जे केलं ते बघून मी थक्क झालो. क्रीम लागलेली सगळी उकड काढून परातीत टाकली. पडलेल्या शटरच्या जागी भिंत सरळ कापून मोठा दरवाजा केला. कापलेल्या केकचे चौकोनी तुकडे करून त्यांना चॉकलेट फासलं, झाले मालाचे खोके! शेवटी आमच्या चिरंजीवांचा खेळण्यातला ट्रक घासूनपुसून दरवाजाकडे पाठ करून लावला. जणू आत्ताच माल उतरतोय!

वडप्याला दामूशेठनी केकभोवती एक फेरी मारली. मी मंडपाच्या खांबाआड.

"वहिनी, शटर उघडं कसं काय?"

"उद्घाटनाच्या दिवशी शटर बंद ठेवायचं का, शेठ? बघा, पहिली गाडी लागलीसुद्धा!"

"वा! शकुन झाला ना!" शेठ खूश, व्यापाऱ्यांच्या टाळ्या, आणि तिथल्या तिथे दोघांनी वनिताचा नंबर मागून घेतला. अभिमानाने माझी छाती फुगली. (खांबाआडच फुगली.)

शेठनी सुरी उचलली आणि ते एकदम थांबले. "थांबा रे! आपल्या गावदेवीचा निवद पयला!"

त्यांनी चांगला जाडजूड तुकडा कापला आणि इकडेतिकडे पाहिलं. वनिता गोड हसली. "ह्यांच्याकडे द्या शेठ. ह्यांना फार भक्ती आहे."

मी स्कूटरवरून परत भिवंडीला, परत देवळात. देवीसमोर माझा दुपारचा तुकडा अजून तसाच होता. मी परत वडप्याला पोचलो तेव्हा ताटात फक्त ट्रक उरला होता.

घरी जेवायला बसलो. आईने कपाळाला आठ्या घालून गरम भाकरी वाढली. पहिला घास घेतला आणि नाकात व्हॅनिलाचा वास आला. ती दुपारची उकड! देवीला त्या दिवशी दोनदा केक मिळाला, आणि मला सुकटीबरोबर व्हॅनिलाची भाकरी!