सफेद पाचचा स्क्रू

अख्ख्या तालुक्यात पेटी सुरात लावायला माझ्यासारखा कान नाही. हे मीच सांगत फिरतो, दुसरं कुणी अजून म्हणालेलं नाही.

परवा चर्चमधला जुना इलेक्ट्रॉनिक ऑर्गन बिघडला. तो वाजवणाऱ्या मार्थाबाईंच्या लेकीचं दुसऱ्याच दिवशी तिथं लग्न, म्हणून मला बोलावणं आलं. सफेद पाच, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीचा सूर, प्रत्येक सप्तकात उतरलेला. मी कानस काढली, मागची फळी उघडली आणि घासायला पितळेच्या पत्त्या शोधायला लागलो. आत पत्ती एक नाही, नुसत्या तारा आणि तारांनी जोडलेल्या छोट्या पाट्या.

"अहो दादा, ही तुमची पेटी नव्हे," बाई म्हणाल्या. "बारा सुरांच्या बारा पाट्या आहेत त्या. सगळ्यात वरचा सूर विजेवर थरथरतो. ती थरथर निम्मी केली की खालचा सूर, तिची निम्मी केली की त्याच्या खालचा. सफेद पाचच्या पाटीवर त्या वरच्याचा स्क्रू आहे, तो फिरवा."

केसभर फिरवला. वरपासून खालपर्यंत सगळे सफेद पाच एकदम जागेवर!

मी बाकावर बसूनच राहिलो. बायको माझ्या खोडी मोजते, आळस, थापा, विसरभोळेपणा. त्याही कदाचित वेगवेगळ्या नसतील. वर कुठंतरी एकच काहीतरी उतरलं असेल, तेवढं केसभर फिरलं की खालचं सगळं आपोआप येईल. या वयात छाती हलकी झाली. बाईंना तसं म्हणालो.

"येईल की," बाई म्हणाल्या. "पण ते घरी जाऊन करा. आता माझ्या बाकावरनं उठा, मला उद्याची गाणी वाजवून बघायचीत."