प्रयागबाईंनी जकातीला हात वर केला

सत्तर सालच्या सुमारास प्रयागबाई नागपूरच्या महानगरपालिकेवर निवडून आल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, कोष्ट्यांच्या घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरून त्यांनी संसार ओढला होता. त्यांना उभं केलं धाकट्या दिराने, शालिकरामने. विणकरांत त्याचा शब्द चालायचा. वयनी सभेत आपल्या म्हणण्यापलीकडे जायच्या नाहीत, हे त्याने गृहीतच धरलं होतं.

मग जकात वाढवायचा ठराव आला. शहरात येणाऱ्या सूत, रेशीम, रंगावर नाक्यावर जास्त वसुली व्हायची आणि त्यातून गरीब वस्त्यांत प्रसूतिगृहं निघायची, असा बेत होता.

सभेच्या आदल्या दिवशी शालिकराम आला. चहा पुढे ठेवला तरी त्याने कप उचलला नाही.

"वयनी, विरोधात मत द्या लागते. सूत महागलं का लुगडं महागते. मंग घेईन कोन?"

"अन् आपल्या गल्लीतल्या रुखमाबाईचं काय झालं गा? दवाखान्यात नेता नेता रिक्षातच बाळंत झाली. लेकरू गेलं."

"दवाखान्याले मी नाही म्हनून राहिलो का? पन जकात सुतावरच काहून? धरमपेठेतल्या बंगल्यावर कर लावा ना."

"तसं बोलली मी मागच्या सभेत. कोनी ऐकून नाही राहिले."

शालिकराम उठला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हे प्रयागबाईंना कळत होतं. त्यांच्या स्वतःच्या कांड्याही त्याच सुतावर चालत होत्या.

दुसऱ्या दिवशी मतदान झालं. गॅलरीत विणकर दाटीवाटीने बसले होते. ठरावाच्या बाजूने हात मागितले, तेव्हा प्रयागबाईंनी पदर सावरला आणि हात वर केला. वरून कोणी तरी त्यांचं नाव घेऊन ओरडलं. मोजणारा चुकला, पुन्हा मोजू लागला. मोजणी संपेपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.

ठराव पास झाला. गल्लीत काही घरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, कांड्याही देईनात. शालिकरामने आपले माग कामठीला, नाक्याबाहेर हलवले. त्याच्या पाठोपाठ आणखी काही जण गेले. प्रसूतिगृह निघालं, पण शेजारच्या वॉर्डात. डॉक्टरीण कधी यायची, कधी नाही. नर्स मात्र कायम असायची, आणि गल्लीतल्या बाया तिथेच जाऊ लागल्या. पुढच्या निवडणुकीत प्रयागबाई पडल्या.

त्यानंतर त्या एका खानावळीत पोळ्या लाटायला लागल्या. एकदा लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन शालिकराम आला. या खेपेला त्याने चहा घेतला.

"कामठीत कसं चालू आहे गा?" त्यांनी विचारलं.

"तिकडे पावरलूमवाले आहेत वयनी. हातमागाले कोन इचारते?"

जकातीचा विषय दोघांनीही काढला नाही. लग्नाला प्रयागबाई दोन दिवस आधीच गेल्या.