निघताना 'येते' म्हणाले

माझी नात परवा पंधरा ऑगस्टचं भाषण पाठ करत होती. "शहीद जवानांनो, आम्ही तुमचे ऋणी आहोत," म्हणताना मूठ अशी वर न्यायची की पंख्यालाच लागेल. मला हसू फुटलं. तिला वाटलं, आजी चेष्टा करते. करतच होते, पण तिची नाही.

नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल. मी शिरूरला अकरावीत होते. दोन वेण्या, नाकावर राग, आणि चालणं असं की देश माझ्याच खांद्यावर ठेवलाय. त्या वर्षी न्हावऱ्याच्या पुढच्या एका वस्तीवरचा जवान काश्मीरात कामी आला. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. तरी पेपरातला त्याचा फोटो कापून वहीत चिकटवला आणि दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी चार पानी भाषण लिहिलं. त्यात 'ऋणी' हा शब्द अकरा वेळा आला होता. मी मोजला होता.

तेराव्यानंतर आमच्या बाई आम्हा चारपाच मुलींना एसटीनं त्या वस्तीवर बसायला घेऊन गेल्या. दोन खोल्यांचं घर, बाजूला मेंढरं कोंडायची जागा. पूर्वी ती माणसं मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायची, आता शेती होती आणि वीसेक मेंढरं उरली होती. जवानाची आई ओसरीवर घोंगडीवर बसली होती. मी अंगणात उभी राहून चारही पानं वाचली, मुठीसकट. ती बाई पूर्ण वेळ माझ्या चपलांकडं बघत होती. वाचून झालं तेव्हा जवळच्या बायकांना म्हणाली, "उन्हात का हुबी केलीया तिला?"

खरा पराक्रम पुढं आहे. दुःखाच्या घरी बसायला गेलं की निघताना 'येते' म्हणायचं नसतं. असल्या कारणासाठी पुन्हा यायची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून. मुकाट्यानं उठायचं आणि चालू लागायचं. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी मात्र भाषणाच्या धुंदीत दारातून वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "येते हं मावशी!"

बाईंनी कपाळाला हात लावला. त्या घरची म्हातारी चुलती माझ्यावर खेकसली, "अगं सटवे, काय बोलतीस? आईनं शिकवलं न्हाई व्हय?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ती आई पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "म्हणू द्या वं तिला. कवा येशील?"

तोंडात आलं ते बोलले, "बाजाराच्या दिवशी."

"ये," ती म्हणाली.

शब्द दिला होता, म्हणून पुढच्या बाजाराला गेले. वाटलं होतं, आता ती मला जवळ घेईल, लेकाच्या आठवणी सांगेल, दोघी रडू. तिनं हातात खराटा दिला. "तेवढ्या लेंड्या लोटून घे. कांद्याच्या वावरात टाकायच्यात." मी देशाची ऋणी मुलगी ओढणी खोचून लेंड्या लोटत बसले. परत येताना एसटीत शेजारची बाई नाकाला पदर लावून दुसऱ्या सीटवर गेली.

दिवाळीपर्यंत त्या घरी पुढाऱ्यांच्या जीपगाड्या येणं थांबलं. कमान बांधू म्हणणारे, शाळेला नाव देऊ म्हणणारे, सगळे थांबले. मी जात राहिले. फार थोर होते म्हणून नव्हे. ती बाजाराच्या दिवशी दुपारी रस्त्याकडं तोंड करून बसते, असं चुलतीनं सांगितलं होतं. नाही गेले तर त्या बसण्याचं काय, एवढंच मनात यायचं. लेकाबद्दल ती कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही. लेंड्या, पाणी, कोकरांना पाला, मग भाकरी. खरं सांगते, कंटाळा यायचा. कधी कधी एसटी चुकावी अशी इच्छा व्हायची, आणि मेली नेमकी त्याच दिवशी वेळेवर यायची.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं, दौंडला. सांगायला गेले. मनात पक्कं केलं होतं की आता सुटायचं. निघताना मुद्दाम काही बोलले नाही, मुकाट उठले आणि चालू लागले. बांधापर्यंत पोचले तोवर मागून हाक आली, "पोरी, काय राह्यलं का?"

मी छत्री बघितली, पिशवी बघितली. सगळं होतं. ती दारात उभी होती. मी म्हणाले, "येते, मावशी."

आणि दोन वर्षं गेले नाही.

दौंडहून जायचं म्हणजे चौफुल्याला गाडी बदलायची, न्हावऱ्याला उतरून पुढं पायी. सासूबाई विचारायच्या, "कोण लागती ती तुझी?" "कुणी नाही." "मग?" ह्या 'मग'चं उत्तर माझ्या चार पानी भाषणातही नव्हतं. थोरली पोटात, मग कडेवर, घरात म्हशी. दर बाजाराला दुपारी मला तो रस्ता आठवायचा. मी भांडी जास्त आपटायचे.

शेवटी लेकीला कडेवर घेऊन गेले. मावशी मेंढरांत वाकलेली होती. वर न बघताच म्हणाली, "का गं, दोन वरीस शिरूरचा बाजार भरला न्हाई व्हय?"

मी लेकीला घोंगडीवर ठेवलं आणि खराटा शोधला. तो जिथं असायचा तिथंच होता.

भाकरी खाताना तिनं अचानक विचारलं, "ते तुजं कागुद कुठं हाय? वाचलं व्हतंस ते."

"मांडणीत डब्यांखाली घातलं होतं. फाटलं."

"बरं झालं. लई लांब व्हतं." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "त्येलाबी भाषणं आवडायची न्हाईत. साळंतनं पळून यायचा." लेकाबद्दल एवढंच, चार वर्षांत पहिल्यांदा.

निघताना मी तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला. "म्हणू नगंस. नुसती येत जा."

तिथून पुढं, ती असेपर्यंत, दोनतीन महिन्यांतून एकदा मी जात राहिले. रांजणगावच्या कंपन्यांच्या गाड्यांनी रस्ता भरला, एसटीत उभं राहून गुडघे गेले. दरवेळी निघताना मी दुःखाच्या घरातून निघावं तशी मुकाट उठायचे, आणि ती पुढच्या वेळचं काम आधीच सांगून ठेवायची.